सात मोजा

पहिल्या दिवशी मी त्यांना फोन देत नाही.
कुपवाडला बेअरिंगच्या गोदामावरची खोली,
नऊ जण, चार टेबलं,
खाली लेथ सुरू झाला की पेन्सिली आपोआप सरकतात.
मी म्हणते, आधी गप्प बसायला शिका.
प्रश्न विचारला की मनात सात मोजा.

तेजल खाडे तिनावरच फुटते :
"म्हणजे काम नाही का दादा तुम्हाला?"
मी हिरव्या पेनानं गोल करते.
समोरच्याच्या तोंडात आपलं उत्तर कोंबलं, बघ.
"नाही" प्रश्नातच आला
की माणूस उताराची वाट धरतो.

मग प्रश्न नऊ, मोठ्यानं :
गेल्या सात दिवसांत पैशासाठी किंवा वस्तूच्या मोबदल्यात
आपण किमान एक तास काम केलं का?
सर्फराज तांबोळी विचारतो,
मॅडम, मामाच्या गॅरेजात बसला, चहा-नाष्टा मामाचा, तर?
अभिनंदन चौगुले म्हणतो,
वेल्डिंग शिकून तासगावला द्राक्षछाटणीला गेला तर?
तास भरला ना? मग कोड एक.
पण शिकलेलं काम करता का, हे विचारतो प्रश्न अकरा.
तिथं दोन.
नऊ आणि अकराच्या मध्ये
एक माणूस कात्री घेऊन उभा राहतो,
त्याच्यासाठी दहावा प्रश्न आहे
तो फक्त पगाराचा.

दुपारी लुटूपुटूचे कॉल.
खुर्च्या पाठीला पाठ, कारण फोनला चेहरा नसतो.
रुक्साना मुजावर उत्तरं देणारी. तिच्या चिठ्ठीवर :
शिवणकाम, दोन वर्षांपूर्वीची बॅच, सध्या घरी.
दीपाली ऐवळे विचारते, काम का थांबवलंत?
रुक्साना चिठ्ठी पालथी घालते.
मशीन पुरात गेलं, म्हणते.
मोटर उन्हात वाळवली, चालू पण झाली,
पण पायडल दाबलं की आत अजून नदीची वाळू खरखरते.
दीपाली सात मोजते.
मग अकरा.
मग लिहायचंच विसरते.

मी कुणाला नापास करत नाही. एवढंच सांगते,
"अरेरे" म्हणू नका, "छान" पण म्हणू नका.
"बरं" म्हणा.
"बरं"ला कडी नसते.

तिसऱ्या दिवशी खरे नंबर.
एक लागतो हळदीच्या अडत्याला,
एक चालत्या मोटारसायकलवर,
एक म्हणतो, सर्टिफिकेट आलं का? त्यासाठीच केलाय ना?
दीपालीला उमदीचं घर मिळतं.
अमोगसिद्ध बिराजदार, इलेक्ट्रिशियन.
उचलते आई.

"त्यो हतं न्हाई बाई.
चाकणला गेला, तितनं फुडं कुटं, म्हायती न्हाई.
दिवाळीपासनं फोन लागंना त्येचा."

दीपाली छापील वाक्य वाचते :
त्यांचा दुसरा एखादा नंबर मिळू शकेल का?
बाई एकेक आकडा सांगते, सावकाश, पाठ असल्यासारखा.
आमच्याच यादीतला. बंद असलेला.
मग पलीकडं कुत्रं भुंकतं, भांडं पडतं,
पाच, सहा,
"तुमच्याकडं समद्यांची यादी हाय न्हवं?
तुमास्नी लागला तर मला बी द्या की."

खोलीतले सगळे माझ्याकडं बघतात,
मी मार्गदर्शिकेकडं.
कोड सतरा : संपर्क झाला नाही.
कोड अठरा : कुटुंबीयांशी बोलणं झालं.
गोपनीयतेचं पान मीच लिहिलंय,
कुणाची माहिती कुणालाही द्यायची नाही.
कुणालाही, खाली दुहेरी रेघ.

दीपाली म्हणते, "बरं."
फोन ठेवते आणि शेऱ्याच्या रकान्यात लिहिते :
भेटल्यास, आईला फोन करा म्हणून सांगणे.
एवढं चालेल ना मॅडम?
मी पेनाचं टोपण लावते.

नियमानं एका नंबरला तीन प्रयत्न.
दर प्रयत्नाला एक उभी रेघ.
गेल्या शनिवारी मी कागद तपासायला घेतले,
अमोगसिद्धच्या नावापुढं अकरा रेघा होत्या, निळ्या.
बारावी हिरवी आहे.
रात्री साडेनऊची. तेव्हाही बंदच होता.